कायतान मास्तरांचे पाय

सोलापूरला कशासाठी जातो याचे कारण मी घरी खोटे सांगितले. हे आधीच लिहून टाकतो, म्हणजे पुढचे मोकळ्या मनाने लिहिता येईल. "थोरलीच्या लग्नासाठी लुगडी घ्यायची आहेत, ती विणतात तिथूनच आणलेली बरी," असे मी आमच्या मंडळींना सांगितले. ते अगदीच खोटे नव्हते. थोरलीचे लग्न करायचे आहे आणि सोलापुरात लुगडी विणतात. पण मी निघालो होतो तो एका गेलेल्या माणसासाठी, आणि त्या माणसाशी मी जन्मात एक शब्दही बोललो नव्हतो.

मुंबईला समुद्राकाठी एक मोठे हॉटेल आहे. तिथे साहेबलोक नाचतात. माझ्यासारख्या गोदीतल्या कारकुनाला आत जायची सोय नाही, पण रस्त्यापलीकडे समुद्राचा कठडा आहे आणि तो सगळ्यांना मोकळा आहे. पुष्कळ वर्षांपूर्वी एका शनिवारी मारुतीचे दर्शन घेऊन मी हवा खायला तिकडे गेलो आणि समोरच्या उघड्या खिडकीतून तो आवाज आला. ढोल, तासा, झांज असे सगळे एकदम वाजत होते आणि वाजवणारा माणूस एकच होता. गोव्याकडचा, रुंद कपाळाचा, डोळे अर्धे मिटलेले. दारावरच्या शिपायाने नाव सांगितले, कायतान मास्तर. तरुणपणी बोटीवरच्या बँडमधून ते अमेरिकेपर्यंत जाऊन आले होते आणि तिथल्या काळ्या वादकांच्या पायाशी बसून हे जाझ नावाचे वाजवणे शिकले होते.

त्या वाजवण्याचे काय सांगू! आपल्याकडे तबलजी समेवर येतो आणि आपण मान डोलावतो. मास्तर सम यायच्या जागी काठी वर धरून ठेवीत. आपला जीव तिथे टांगून राही. सम निघून जाई. आता काही होत नाही असे वाटते न वाटते तोच, हळूच, कानाआड टिचकी मारावी तशी ती काठी झांजेवर पडे. पहिल्यांदा ऐकले तेव्हा मला हसू फुटले. इतके, की कठड्यावर शेजारी बसलेले एक पारशी गृहस्थ उठून लांब जाऊन बसले.

मग दर शनिवारी जाऊ लागलो. मारुतीला जाऊन येतो असे घरी सांगत असे आणि जातही असे, पण देवापुढे किती वेळ उभा राहत होतो हे देवालाच ठाऊक. पुढे एका शनिवारी खिडकीत दुसराच माणूस दिसला. मास्तरांना दमा जडला होता आणि समुद्राची ओली हवा सोसेना म्हणून ते कोरड्या मुलखात निघून गेले होते. कोरडा मुलूख म्हणजे कुठला, ते शिपायाला ठाऊक नव्हते.

यंदा पौषात आमच्या कचेरीत सोलापूरचे एक कापूसदलाल आले. त्यांचे कागद पाहता पाहता माझी बोटे सवयीने टेबलावर चालली होती. दलाल बोलता बोलता थांबले आणि म्हणाले, हे तुम्ही कुठे ऐकलेत, हे तर आमच्या लग्नांतून वाजते. अशा रीतीने मला कळले की कायतान मास्तर सोलापुरात राहत होते, गेल्या श्रावणात तिथेच वारले, आणि त्यांचा ठेका वाजवणारा एकच शिष्य आहे, त्याचे माघात लग्न आहे. मी त्याच दिवशी रजेचा अर्ज केला. मास्तर गेल्याचे दुःख झाले हे खरे. पण गाडीत बसलो तेव्हा मला मुळीच दुःखी वाटत नव्हते. जत्रेला निघाल्यासारखे वाटत होते, आणि याची लाज वाटत होती.

जेऊर

प्रवासाचे वर्णन करण्यासारखे काही घडले नाही, एक जेऊर सोडून. सकाळची थंडी होती. दोन्ही बाजूंना ज्वारी कणसाला आली होती आणि तिच्यावर पाखरांचे थवे उठत-बसत होते. मी डब्याच्या दारात पाय खाली सोडून बसलो होतो आणि दाराच्या लाकडावर दोन्ही हातांनी मास्तरांचा ठेका धरला होता. हातांबरोबर पायही उगीच हलत होते. त्यांचे मी तेव्हा काही मनावर घेतले नाही. गाडी जेऊर स्टेशनात थांबली, आणि सुटायची शिट्टी झाली त्याच वेळी माझा डाव्या पायातला नवा पंपशू निसटून खाली रुळांत गेला.

फलाटावर एक धनगर खांद्यावर घोंगडी टाकून उभा होता. तो मागचापुढचा विचार न करता खाली उतरला आणि पंपशू घेऊन वर आला, तोवर गाडी हलली होती. "पावनं, हात करा की," असे ओरडत तो गाडीबरोबर धावला. मी हात केला. पण दोघांच्या हातांमध्ये वीतभर अंतर राहिले ते राहिलेच. फलाट संपला तसा तो थांबला, आणि पंपशू उंच धरून, घरच्या माणसाला निरोप द्यावा तसा हलवीत राहिला. मीही इकडून हात हलवला. डब्यातली मंडळी पोट धरून हसत होती. त्यांच्यात मीही होतो.

साखरपेठ

एका पायात जोडा घालून मी साखरपेठेत टांग्यातून उतरलो. ही तेलुगू विणकरांची वस्ती. घराघरांत जमिनीत खड्डा करून माग बसवलेला, खड्ड्यात पाय सोडून विणकर बसलेला, आणि गल्लीभर खटक-खट, खटक-खट चाललेले. दुरून गिरणीचा भोंगा झाला, पण या खटखटीपुढे त्याचे कुणाला काही वाटलेले दिसले नाही.

शिष्याचे नाव राजय्या. पंचविशीचा, लांब हातापायांचा आणि लाजाळू. मास्तर भाडेकरू म्हणून त्याच्याच घरात राहत होते. त्याची आई लच्मम्मा दारात सुताच्या कांड्या भरीत बसली होती. तिने माझ्या पायांकडे पाहिले आणि म्हणाली, "मास्तर गेल्यापासनं अर्धं शाणं मानूस घरात आलं न्हाय. या, बसा."

मी कोण, कुठला हे सांगितले, तर तिने डोळ्यांना पदर लावला आणि लगेच ताट वाढले. आमच्याकडे ओळख झाल्यावर चहा विचारतात. इथे जेवण आधी, ओळख मागून. पापडासारखी कडक भाकरी, कुटलेली शेंगांची चटणी, तिच्यावर तेल, अंबाडीचे आंबट लोणचे. ही चटणी खलबत्त्यात इतकी कुटलेली असते की तिला स्वतःचेच तेल सुटते. मी लाजेखातर पुरे म्हणायचे आणि तिने वाढायचे, असे चालले होते. त्या दिवशी एकादशी होती, हे मला हात धुताना आठवले. रात्री देवाची क्षमा मागितली. सकाळी पुन्हा तीच चटणी होती.

मास्तर या गल्लीत कसे आले ते लच्मम्माने सांगितले. मुक्या सिनेमाचे दिवस होते. पडद्यापुढे बसून वाजवायचे काम त्यांना सोलापुरात मिळाले. इथल्या पहिल्या सकाळी माग सुरू झाले तसे ते झोपेतून उठून तसेच लांब झग्यात रस्त्यावर आले. प्रत्येक घरात बँड बसला आहे असे त्यांना वाटले. मग एका घरात वाकून त्यांनी खड्ड्यातले पाय पाहिले. डावा दाबला, उजवा सोडला, आणि वर हात आपले निराळेच काम करताहेत. ते तिथेच जमिनीवर बसले आणि हसत सुटले. "म्हनायचा, ह्या गल्लीत सगळे पाय शिकल्याले हायत, लच्मम्मा, फकस्त ढोल न्हाय."

मग राजय्याने मला आतल्या खोलीत नेले. धुतलेल्या सुती कापडाखाली मास्तरांचे वाद्य ठेवले होते. इथे त्या वाद्यालाच जाझ म्हणतात. त्याने कापड काढले आणि मी जागच्या जागी उभा राहिलो.

मोठ्या ढोलाच्या खाली एक लोखंडी पट्टी होती. तिच्यावर पाय दाबला की ढोलावर टोला पडे. शेजारी दुसरी पट्टी, ती दाबली की दोन लहान झांजा एकमेकींवर मिटत. म्हणजे मास्तर पायांनीही वाजवीत होते! कठड्यावरून मला खिडकीतले फक्त डोके, छाती आणि हात दिसत. इतकी वर्षे मी ते सगळे दोन हातांचे समजत होतो. घरी पाटावर, कचेरीत टेबलावर, चौघांचे काम दोन हातांनी करू पाहत होतो आणि जमत नाही म्हणून झुरत होतो. मी अर्धेच मास्तर ऐकले होते. उरलेले अर्धे खिडकीच्या खाली होते.

राजय्या स्टुलावर बसला, पण काठ्यांना त्याने हात लावला नाही. मी कारण विचारले तेव्हा सगळे बाहेर आले.

नवरी मंद्रूप गावची, नाव नागम्मा. तिचे वडील मल्लय्या लुगडी विणून आठवड्याच्या बाजारात विकतात. राजय्या एकदा त्या गावात एका लग्नात वाजवायला गेला होता. सगळी माणसे त्याच्या हातांकडे आणि तोंडाकडे पाहत होती. एक मुलगी तेवढी वाकून त्याच्या पायांकडे पाहत होती आणि पदरात तोंड घालून हसत होती. तीच नागम्मा. मागणी घालायला लच्मम्मा गेली तेव्हा मल्लय्याने सरळ सांगितले की दुसऱ्याच्या दारात वाजवून शेवटच्या पंगतीला जेवणारा जावई मला नको, मागात बसणारा पाहिजे. त्याने राजय्याला मागावर हात ठेवायला लावून शब्द घेतला की याउपर हातात काठी धरणार नाही. विणकर मागावर हात ठेवून दिलेला शब्द मोडत नाहीत.

"मग दिलास कशाला?" मी विचारले.

"ती पायजे म्हनून," तो म्हणाला.

म्हणजे काठी धरली तर नवरी जाते, आणि न धरली तर मास्तरांचा ठेका जातो, कारण तो दुसऱ्या कुणालाच येत नव्हता. मला फार वाईट वाटले. आणि वाईट वाटले की माझ्याकडून काहीतरी अविचार होतो, तसा तो झाला. मी पाट ओढला आणि मास्तरांचे ठेके एकामागून एक बोटांनी वाजवून दाखवले. कौतुक व्हावे हा हेतू नव्हता असे मला म्हणता येणार नाही. दारात, राजय्या ज्यात वाजवी त्या बँडचे मालक उस्मानमियाँ उभे होते. ते क्लॅरिनेट वाजवतात, आणि मास्तरांबरोबर त्यांनी सिनेमाघरात वर्षानुवर्षे काढली होती. माझे झाल्यावर ते म्हणाले, "अजी साब, मास्तर का बाजा तुम सुने की नै? बस हो गया. कल गाडी पो तुमिच बैठो."

त्याचे असे होते, राजय्याच्या लग्नात मी वाजवीन असे मास्तर शेवटपर्यंत म्हणत असत. ते तर गेले, निदान त्यांचे वाद्य तरी बैलगाडीवरून मिरवणुकीत असावे असा लच्मम्माचा हट्ट होता. परक्या कुणी वाजवले तर माझी हरकत नाही, असे मल्लय्याही म्हणाला होता. आता असा परका मुंबईहून आपल्या पायांनी, म्हणजे एका पंपशूने, चालत आला होता.

संध्याकाळी राजय्या मला ख्रिस्ती लोकांच्या स्मशानात घेऊन गेला. मास्तरांचा साधा लाकडी क्रूस आहे. त्याच्यावर रंगीत सूत गुंडाळलेले होते. सणाच्या दिवशी गल्लीतले कुणीतरी येऊन एक फेरा घालते, म्हणून लाल, हिरवे, पिवळे असे थर चढले आहेत. मी हार घातला. मास्तरांना काहीतरी सांगावे म्हणून शब्द जुळवत होतो, पण मला आठवली ती काठी वर धरून ठेवण्याची त्यांची तऱ्हा, आणि मी थडग्यापुढे उभा राहून हसलो. राजय्याने काय झाले ते विचारले नाही. तोही हसत होता.

परण्या

लग्नाआधी नवरदेव घोड्यावर बसून मारुतीच्या दर्शनाला जातो, त्याला इथे परण्या म्हणतात. आमच्याकडचा नवरदेव छत्रीखालून आरोपीसारखा चालत येतो आणि वाजंत्रीवाल्यांकडे कुणी मान वळवून पाहत नाही. इथे बँडवाल्यांना मामा, काका म्हणून हाका मारतात, त्यांच्याशी भांडतात, त्यांच्या पुढ्यात नाचतात.

जाझ बैलगाडीवर मागाच्या दोऱ्यांनी बांधला होता. गाठी खुद्द लच्मम्माने मारल्या होत्या. मी अनवाणीच स्टुलावर चढलो. उरलेला पंपशू मी लच्मम्माच्या घरीच ठेवला होता. पुढे उस्मानमियाँचा बँड, मग आमची गाडी, मग बायका, आणि शेवटी घोड्यावर बाशिंग बांधलेला राजय्या. त्याच्या एका हातात लिंबू खोचलेली कट्यार, दुसऱ्यात नारळ. घोड्याशेजारून मल्लय्या चालत होता. उंच, वाळका, पांढऱ्या मिशांचा माणूस. रस्त्यात त्याचे लक्ष एकाच गोष्टीकडे होते, जावयाच्या हातांकडे.

उस्मानमियाँनी सूर धरला आणि मी झांजेवर काठी मारली. बैल थांबले. गाडीवान खाली उतरून बैलांच्या कानात काहीतरी बोलला, मग ते पुन्हा चालू लागले. मी पुन्हा सुरुवात केली. हात बरे चालले होते. पण पायाने पट्टी दाबायला गेलो की हात थांबत, आणि हातांकडे लक्ष दिले की पाय झोपी जात. एकदा दोन्ही चालू झाले त्या आनंदात काठी हातातून सुटली आणि उस्मानमियाँच्या फेट्यात जाऊन रुतली. त्यांनी सूर न मोडता ती काढून मागे दिली. बायका हसत होत्या. एकीने विचारले की मुंबईला पाय नसतात का. मी घामाघूम झालो होतो, पण खरे सांगतो, इतका सुखात मी कधी नव्हतो.

ठेका मात्र लंगडत होता. वरून खणखणीत वाजे आणि खाली पोकळ. नाचणाऱ्यांची पावले पडत ती एकमेकांना विचारल्यासारखी.

हे सगळे मागे राजय्याला ऐकू जात होते. तो मागावरचा आणि जाझवरचा माणूस. हात बांधलेले राहतील, पण ज्या जागी ढोल पडायला हवा त्या जागी त्याचे पाय गप्प कसे बसणार? त्याची टाच रिकिबीत हलू लागली. माझा ढोल चुकला की तिकडे त्याची टाच घोड्याच्या पोटावर पडे. डावी, उजवी, डावी, उजवी. घोडा बिचारा भाड्याचा. त्याला वाटले, धावायला सांगताहेत.

मागे एकच गलका झाला. वळून पाहतो तो बायका दोन्ही बाजूंना पळताहेत आणि मधून बाशिंगाच्या झिरमिळ्या उडवीत नवरदेव येतो आहे, हातात नारळ आणि कट्यार तशीच. लगाम धरायला हात मोकळा कुठे होता! घोडा सरळ आमच्या गाडीपाशी आला, तिच्या मागच्या बाजूला लावलेल्या ज्वारीच्या कणसांत तोंड घातले आणि थांबला. राजय्या घोड्यावरून उतरला नाही, तो घरंगळून गाडीतच पडला. मी घाबरून उठलो. तो उठून माझ्या रिकाम्या स्टुलावर बसला, आणि उस्मानमियाँचा सूर चालूच होता, तेव्हा त्याचे पाय आपोआप पट्ट्यांवर गेले.

ढोल बोलला. इतक्या वर्षांत मुंबईच्या त्या खिडकीखाली दडलेले जे मला कधी दिसले नव्हते, ते माझ्यासमोर वीतभर अंतरावर चालू होते. डावा झांजा मिटतो, उजवा ढोल मारतो, आणि मध्ये घोट्याची एक हलकी उडी. मला राहवले नाही. मी उभ्यानेच वाकून वरून काठ्या चालवू लागलो. खाली तो, वर मी. गल्ली नाचायला लागली. गाडीवानही नाचायला लागला, म्हणून बैल पुन्हा थांबले.

मग सगळे एकदम थांबले, कारण मल्लय्या गाडीपाशी येऊन उभा राहिला होता.

माझ्या मनात आले, हे माझ्यामुळे. मी पाटावर फुशारकी मारली नसती तर मला कुणी गाडीवर चढवले नसते, ठेका लंगडला नसता, घोडा उधळला नसता. त्या मुलीचे लग्न मोडले तर ते मुंबईच्या एका कारकुनाने मोडले. राजय्याने दोन्ही हात पुढे केले. एकात कट्यार, एकात नारळ.

"हात लावला न्हाय, मामा," तो म्हणाला.

मल्लय्याने त्याचे हात पाहिले. मग खाली पट्टीवरचे पाय पाहिले आणि पुष्कळ वेळ पाहिले. मिशीवरून हात फिरवला आणि मारुतीच्या दिशेने चालू लागला. याचा अर्थ काय, ते कुणाला कळले नाही. उस्मानमियाँ हळूच म्हणाले, "हाँ बी नै बोल्या, ना बी नै बोल्या."

वरात

लग्न लागले. मी अक्षता टाकल्या त्या मल्लय्याच्या चेहऱ्याकडे बघत. पंगतीत त्याने मला शेजारी बसवून घेतले आणि आग्रहाने वाढले, पण जाझचे नाव काढले नाही. पंगत उठताना मात्र लच्मम्माला ऐकू जाईल असे म्हणाला, "वरात झाली की वाद्य माळ्यावर टाका. झाकून टाका." राजय्याने मान खाली घातली.

वरातीला घोडा नव्हता. त्याचा मालक तो घेऊन केव्हाच निघून गेला होता. राहिली आमची बैलगाडी. तिच्यावरून जाझ उतरवायला गेले तर गाठी सुटेनात. विणकराची गाठ घाईने सोडायची तर कापावीच लागते, आणि मागाची दोरी लग्नाच्या दिवशी कोण कापणार? तेव्हा नवरानवरी जाझच्या शेजारीच बसली. राजय्याने पाय पोटाशी घेतले होते, पट्टीला चुकूनसुद्धा लागू नयेत म्हणून. मी गाडीमागून चालत होतो. ऊन कलले होते, आणि गल्लीत मागाबाहेर आलेली माणसे दोन्ही बाजूंना उभी होती.

घराच्या दारात वरात थांबली आणि बायकांनी नेहमीचा हट्ट धरला, नाव घे. नवरीने नवऱ्याचे नाव घेतल्याशिवाय आत सोडायचे नाही. आमच्याकडे मुली पाठ करून ठेवलेले काहीतरी पुटपुटतात. नागम्मा गप्प. बायकांनी टोमणे मारले, मंद्रूपला जिभा नसतात का, नवरा आवडला नाही का. ती खाली बघत होती. मला वाटले लाजली. पण ती बघत होती राजय्याच्या पायांकडे.

तिने चुड्यांनी भरलेला हात लांब केला आणि ढोलावर ठेवलेली एक काठी उचलली. काठी झांजेपाशी नेऊन तिने वर धरली आणि तशीच धरून ठेवली.

राजय्याने तिच्याकडे पाहिले. त्याचा एक पाय हळूच खाली आला. ढोल वाजला, एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा. सम आली. तिची काठी वरच होती. सम निघून गेली. मी पुन्हा त्या कठड्यावर बसलो होतो. आता काही होत नाही असे वाटले, आणि कानाआड टिचकी मारावी तशी ती काठी झांजेवर पडली.

मी मोठ्याने हसलो. पण ते कुणाच्या लक्षात आले नाही, कारण सगळी गल्लीच हसत होती. नागम्माने पुन्हा काठी उचलली. खाली त्याचे पाय, वर तिचा हात. त्या लग्नात उभे राहून एकदाच ऐकलेले तिने जसेच्या तसे ठेवले होते.

सगळ्यांच्या माना मल्लय्याकडे वळल्या. तो दाराच्या खांबाला टेकून उभा होता.

"जावयाकडनं शब्द घेतला," तो म्हणाला. "पोरीकडनं घ्यायचा ऱ्हायला." मग खाली बघत, मिशीतल्या मिशीत, "आता नाव घेतलंय न्हवं तिनं? घरात घ्या की त्यांना."

माळ्यावर काही गेले नाही. गाठी लच्मम्माने दुसऱ्या दिवशी दाताने सोडवल्या आणि जाझ होता त्या खोलीत ठेवला. कापड घातले नाही.

घरी

निघताना मल्लय्याने माझ्या हातात एक लुगडे ठेवले. अंजिरी रंगाचे, तांबड्या काठाचे. मी नको म्हणालो. तो म्हणाला, घ्या, माझ्या मागावरचे आहे. आणि मग, सहज सांगावे तसे, "पोराचे पाय बघितले मी काल. मागावर त्या पायानं सूत तुटायचं न्हाय." माझे घरी सांगितलेले खोटे त्याने ते लुगडे देऊन न विचारता खरे करून टाकले.

जेऊरला गाडी थांबली तेव्हा मी डोके बाहेर काढले. माझा पंपशू फलाटाच्या कुंपणावर टांगलेला होता, कुणाच्याही नजरेस पडेल असा. मी उतरून तो घ्यायला हवा होता. पण दुसरा पंपशू मी साखरपेठेतच विसरलो होतो, आणि शिवाय डाव्या पायाला मी दाराच्या फळीवर झांजा मिटायचे शिकवीत होतो. गाडी सुटली तेव्हा त्या पंपशूला मी हात केला.

घरी अनवाणी पोचलो. उंबऱ्यातच मंडळींना सगळे सांगून टाकले. खोटे कारण, शनिवारचा मारुती, एकादशी, घोडा, नवरीची काठी, सगळे. त्यांनी लुगड्याची घडी उलगडून काठ पाहिला, पोत बोटांनी चोळून पाहिला, आणि माझ्या धुळीने माखलेल्या पायांकडे पाहिले. मग म्हणाल्या, "थोरलीच्या लग्नाला त्यांना बोलवा. पण नवराबायको दोघांना बोलवा. एकट्याला नको."